रुग्णवाहिकेची सवय

१९९४ साली काळीकाठ ग्रामारोग्य समितीला परदेशातल्या एका संस्थेकडून रुग्णवाहिका देणगी मिळाली आणि तिच्यावर चालक म्हणून माझी नेमणूक झाली. त्याआधी मी लाकडाचा ट्रक चालवत होतो. या गाडीला क्लच नव्हता. गिअर ती स्वतःच टाकायची. पहिले आठ दिवस माझा डावा पाय क्लच शोधत होता. नंतर तो गप्प बसला.

देणगीच्या पत्रात लिहिलं होतं की चालकाच्या सीटखाली एक डबा आहे, डब्यात एक प्रोग्राम आहे, आणि तो चालकाच्या पायाची सवय ओळखून त्याप्रमाणे गिअर टाकतो. समितीचे चिटणीस पुंडलिकराव यांनी हे पत्र सभेत वाचून दाखवलं. टाळ्या झाल्या. पत्र फायलीला लागलं.

आमच्याकडे आजारी माणूस शक्यतो घरीच आजारी राहतो. त्यामुळे गाडीला काम कमी होतं. नुसती उभी गाडी बरी दिसत नाही म्हणून समितीने तिला काम शोधलं. समितीकडे पाहुणे फार येत. त्यांना सुप्याचं धरण दाखवायचं, कुळगीच्या रस्त्याला गवे दाखवायचे. जीपने धक्के बसतात आणि गवे बुजतात. ही गाडी मऊ चालायची. पाहुणे स्ट्रेचरवर टेकून काचेतून जंगल बघत, आणि पुंडलिकराव माझ्या मागून सांगत, "निधान, यशवंता, निधान." सावकाशला आमच्या भागात हा कन्नड शब्दच सगळे वापरतात.

मी दोन वर्षं निधान चालवली. पाय पेडलवर ठेवला न ठेवला असा. रजिस्टरात या फेऱ्यांची नोंद 'आरोग्यविषयक पाहणी' अशी व्हायची. गवा दिसला तर पुढे 'पाहणी समाधानकारक'.

मग गाडीला सवय लागली. चढ आला की ताकदीचा गिअर धरायचं सोडून ती भलताच वरचा गिअर टाकायची आणि माणसाच्या चालीने निघायची. गव्यांच्या वळणावर मी काही न करता मंदावायची. रस्त्यात चार माणसं एकत्र दिसली तर तिथे रेंगाळायची. पुंडलिकरावांना हे फार आवडलं. "आता खरी आपली झाली गाडी," ते म्हणाले. "शिस्तीला लागली."

आमची वाडी आणि रामनगर यांच्यामध्ये जांभळीची चढण आहे. चढणीच्या पायथ्याला, आमच्याच अंगाला, समितीचं ऑफिस. एकदा एका बाळंतिणीला न्यायचं होतं, तेव्हा गाडी चढणीवर इतकी हळू झाली की बाईच्या नवऱ्याने खाली उतरून वाटेत विडी पेटवली, ती संपवली आणि चालत येऊन परत गाडीत बसला. बाळ चढणीवरच जन्मलं. समितीने त्याची नोंद 'वाहनात सुखरूप प्रसूती' अशी करून वार्षिक अहवालात फोटो छापला.

आमच्या शेजारच्या रुक्माकाकूंचा थोरला मुलगा गुणा वास्कोला परदेशी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होता. मी त्याला कळवलं. तो आगगाडीने कॅसलरॉकला उतरला, सुटकेसएवढा संगणक घेऊन. त्याने डब्याला वायर लावली आणि बराच वेळ पडद्याकडे बघत बसला.

"मामा, गाडी धडधाकट हाय," तो म्हणाला. "प्रोग्रामनं तुमचा पाय शिकून घेतलाय. शिकायचं बंद करून घाटाचं गिअर पक्कं बसवतो. अर्ध्या तासाचं काम. समितीचं पत्र तेवढं पायजे."

पुंडलिकरावांनी विचारलं, "त्या डब्यात नेमकं काय काय दिसतं?"

"सगळं. गाडी किती धावली, किती थांबली, कितीदा निस्ती जाग्यावर उभी राहिली."

पुंडलिकरावांनी त्याला वायर काढायला लावली. मग त्यांनी सभा बोलावली. सभेत ठरलं की डब्यातला मजकूर पुसला तर देणगीदारांचा पुरावा नष्ट केल्याचा ठपका येईल, आणि तसाच उघडा ठेवला तर तो कुणीही वाचेल. म्हणून पुसूही नये आणि ठेवूही नये. उपसमिती नेमली. तिचा निर्णय होईपर्यंत डबा तांबड्या फडक्यात बांधून त्यावर लाखेचं सील केलं. 'सील शाबूत ठेवण्याची जबाबदारी चालकाची' या ओळीखाली मी सही केली. गुणाला चहा दिला आणि परत पाठवलं.

आठवड्याने ऑफिसच्या फळ्यावर सूचना लागली. वाहनाबाबत निर्णय प्रलंबित असल्याने रुग्णांनी शक्यतो जांभळीची चढण ओलांडून, रामनगरच्या बाजूला जाऊन आजारी पडावे.

घरी माझी बायको तारा म्हणाली, "तुमी का न्हाई सांगत त्यास्नी? गाडी तुमच्या हातात हाय न्हवं?"

"हातात आहे. सील माझ्या नावावर आहे."

"लाख हाय ती. बांगडीवाली चुलीवर वितळवती तसली."

मी म्हटलं, उपसमिती बसली आहे. ती म्हणाली, "बसू दे. उठली की सांगा मला."

उपसमिती अकरा महिने बसली.

पुढच्या कार्तिकात भात कापायला आलं. सकाळी अकराच्या सुमाराला तारा पेंढ्या उचलत होती. एका पेंढीखाली नाग होता. गुणा कापणीसाठी रजेवर आला होता, त्याचा संगणकही घरी होता. त्याने तिच्या पायाला फळी बांधली, स्ट्रेचरवर ठेवलं. सोबत रुक्माकाकू. रामनगरला इंजेक्शन होतं की नाही माहीत नव्हतं. बेळगावला नक्की होतं.

पायथ्याला ऑफिस लागलं. गुणा म्हणाला, "मामा, हितंच सील फोडू. अर्धा तास हितं गेला तरी चढणीवर दीड वाचतोय."

पुंडलिकराव स्वतः बाहेर आले. त्यांना वाईट वाटत होतं, खोटं सांगणार नाही. "फोडा की. माझी ना नाही. फक्त अर्ज द्या."

मी स्टिअरिंगवर कागद ठेवून अर्ज लिहिला. पुंडलिकरावांनी वाचला. "यशवंता, इथे 'माझी पत्नी' लिहिलंयस. अर्जदार चालक, सीलची जबाबदारी चालकाची आणि लाभार्थी चालकाची बायको. उद्या कुणीही बोट दाखवील. दुसऱ्या कुणाचा अर्ज पाहिजे."

रुक्माकाकूंनी अंगठा पुढे केला. "हा घ्या. दोन्ही घ्या." शाईचा पॅड सुकला होता. पॅडवर पाणी घातलं, अंगठा उठला. मग पुंडलिकराव म्हणाले की मंजुरी उपसमितीची लागते, तिचे दोघे शेतावर आहेत, निरोप पाठवतो. "तुम्ही निघा. वेळ घालवू नका. मंजुरी मागून पाठवतो." आणि सवयीने म्हणाले, "निधान जा."

गाडीने ऐकलं. चढणीवर मी पेडल तळाला दाबलं. इंजिन ओरडलं, गाडीने वरचा गिअर टाकला आणि पाहुण्यांना गवा दाखवायच्या चालीने निघाली. रुक्माकाकू रागाने खाली उतरल्या आणि चालू लागल्या. थोड्या वेळाने त्या आमच्या पुढे होत्या.

ताराच्या पापण्या जड झाल्या होत्या. शब्द जिभेवर अडकत होते. "अवो, तुमचा पाय कुठं हाय?"

"तळाला आहे."

"मग गाडी कुणाचं ऐकतीया?"

गुणाने रस्त्यातला एक दगड उचलून आणला होता. तो माझ्या शेजारी दगड धरून बसला होता. "मामा, एकदा व्हय म्हणा."

मी म्हणालो, "मंजुरी येऊ दे. मागून येतेय."

मी आरशात बघत होतो. मागचा रस्ता रिकामा होता.

चढणीच्या माथ्यावर रुक्माकाकू दगडावर बसून आमची वाट बघत होत्या. रामनगरची घरं दिसली तेव्हा तारा गेली होती. सील शाबूत होतं.

समितीने दुखवट्याचा ठराव केला आणि त्याच सभेत मंजुरी दिली. गुणाने सील फोडलं आणि मला पडद्यावर एक रेघ दाखवली. सपाट, लांब. शेवटी एकाच ठिकाणी सरळ वर गेलेली.

"ही रेघ म्हंजे तुमचा पाय. दोन वर्षं आन् वर अकरा म्हयने हळू. हितं एक दिवस तळाला."

डब्याने एका दिवसापेक्षा तीन वर्षांवर विश्वास ठेवला होता. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. केलंच होतं.

गुणाने प्रोग्राम बदलला. बावीस मिनिटं लागली. त्यानंतर गाडी जांभळीची चढण आठ मिनिटांत चढते. त्या वर्षी तिच्यातून सात माणसं बेळगावला जाऊन चालत परत आली. मी मोजली.

पण समितीला बदललेल्या गाडीचं लोकार्पण करायचं होतं. वाडीतून मिरवणूक निघाली. पुढे ताशा, मागे पुंडलिकराव, बाजूला तुम्ही सगळे वाडीकर. पुंडलिकराव म्हणाले, "निधान, यशवंता." मी पाय हलका ठेवला. पण गाडी आता सवय धरत नव्हती, गर्दी बघून रेंगाळत नव्हती, चढावर ताकदीचा गिअर सोडत नव्हती. ताशेवाल्यांना पळावं लागलं. हार बॉनेटवरून घसरून चाकाखाली गेला. पाहुण्यांना त्या महिन्यात एकही गवा दिसला नाही.

पंधरा दिवसांत समितीकडे निवेदन आलं. गाडी उर्मट झाली आहे, तिला गावाची रीत राहिलेली नाही, तरी जुना प्रोग्राम परत घालावा. खाली एकशे बारा सह्या. मी सगळ्या वाचल्या. चढणीवर जन्मलेल्या त्या बाळाच्या बापाची आहे. तुमचीही आहे, तिसऱ्या पानावर, ठळक.

पुंडलिकरावांनी त्यावर शिफारस लिहिली आणि देणगीदारांना पाठवायला पाकीट माझ्याकडे दिलं. रामनगरच्या पोस्टात टाकायचं होतं. ते मी सीटखाली, डब्याशेजारी ठेवलं आहे. अडीच वर्षं झाली. पुंडलिकराव अधूनमधून विचारतात. मी सांगतो, नेतोय, निधान नेतोय.

येत्या मार्चला मी निवृत्त होतो. नवा चालक तुमच्याच घरातला कुणीतरी असेल. पाकीट त्याला सापडेल, आणि कागद पोचवायच्या कामात तुमच्या घरात कधी उशीर झालेला नाही.