सातासमुद्रापार कुर्र केल्याची हकीकत

श्रीगजवदन प्रसन्न. तार आणि वारा ज्याच्या आज्ञेत, त्यास दंडवत. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी, तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या राज्यात सगुणाबाईसाहेब स्वस्थचित्त नव्हत्या. कारण की, बंधू हेमंतराव परमुलखी राहत, त्यांस कन्यारत्न जाहले, आणि बारशास कानात कुर्र करून नाव सांगणे हा हक्क आत्याचा, आणि आत्या इकडे, पाळणा तिकडे. मोबाईलचे नेट जिन्यात उभे राहिल्यावाचून मिळेना. वहिनींच्या भगिनी चित्राबाई मात्र पाळण्याशी तळ देऊन बसलेल्या. हे ऐकून बाईसाहेबांच्या अंगाचा तिळपापड जाहला. मग त्यांनी ब्रॉडबँडवाले शेलार पाचारिले, आणि त्यांनी खांबावरून तार आणून, खिडकीच्या चौकटीस भोक पाडून, राऊटर नामे दोन शिंगांचे यंत्र शोकेसवर स्थापिले, आणि हिरवे दिवे लागताच बाईसाहेबांनी यंत्रास हळदकुंकू वाहिले, आणि शेलारांस पेढा दिला, आणि हर्ष पोटात मावेना म्हणून पडद्यावर बारसे पाहण्यास जमलेल्या सकळ इमारतीस पाण्याआधी पासवर्ड वाटला.

तेथेच घात जाहला. मंडळी सतरंजीवर बसली, आणि कोणी सिनेमा उतरवू लागले, कोणी क्रिकेट लाविले, आणि ऐन मुहूर्तावर पडद्यावरील हेमंतराव तोंड उघडे ठेवून थिजले. आवाज मात्र तुटक आला, "ताई, गुरुजी घाई करतायत. चित्रा म्हणतेय, मीच करते कुर्र." बाईसाहेबांस ब्रह्मांड आठवले. पाहुण्यांस बंद करा म्हणावे तर आब जातो, न म्हणावे तर हक्क जातो. मग त्या उठल्या आणि साखर पेरून बोलिल्या, "नाव मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. ऐकायचं असेल तर मोबाईल बंद करा. नाहीतर मावशी तिकडे सांगेल, आणि आपल्याला कळेल उद्या." उद्यापर्यंत धीर धरील ऐसा एकही वीर त्या इमारतीत नव्हता. खटाखट मोबाईल विझले, आणि हेमंतराव हलू लागले, आणि त्यांनी फोन चिमुकल्या कानाशी नेला, आणि चित्राबाई नाक मुरडून बाजूस जाहल्या, आणि मग बाईसाहेबांनी, हळू सांगावयाचे ते अंतर फार म्हणून बेंबीच्या देठापासून सांगितले, "कुर्रर्र, कालिंदी!" तोच जमल्या बायकांनी रिवाजाप्रमाणे त्यांच्या पाठीत दणादण धपाटे घातले, आणि पाठ शेकून निघाली, आणि डोळे भरून आले, आणि तेव्हा कोठे सगुणाबाईसाहेबांस आपण खरोखर आत्या जाहलो ऐसे वाटले.

येणेप्रमाणे पाळणा तिकडे हलला, धपाटे इकडे पडले, बारसे एकच जाहले.