सुरुवातीची फाइल गहाळ झाल्याबाबत

१९८९ सालच्या एका सोमवारी कार्यालयातल्या संगणकाने अधीक्षक टिपणीस साहेबांना आजची तारीख विचारली. कर्जत-खालापूरच्या टापूतलं हे कार्यालय नेमकं कोणतं, ते सांगत नाही. सांगितलं तर बाकीच्या कार्यालयांना आपल्याला वगळल्याचं वाईट वाटेल. तारीख मागायची ती जनतेने आणि द्यायची ती साहेबांनी, अशी तिथली रीत होती. ती संगणकाने मागितल्यावर साहेबांचा पारा चढला, पण विज्ञानापुढे नमून त्यांनी ती दिली. संगणकाने लगेच वेळही विचारली. तीही दिली. तरी एरवी सकाळी आपसूक समोर येणारा दाखल्यांचा कार्यक्रम काही आला नाही. काळ्या पडद्यावर नुसती एक रेघ लुकलुकत राहिली. साहेबांनी दोन बोटांनी कार्यक्रमाचं नाव बडवलं, तेव्हा इंग्रजीत उत्तर आलं, की फाइल सापडत नाही.

साहेबांचा जीव भांड्यात पडला. यंत्र बिघडलं असतं तर त्यांना काहीच उमगलं नसतं. फाइल हरवल्यावर काय करायचं, हे मात्र त्यांना झोपेतही पाठ होतं. त्यांनी हिरामण रोकड्यांना बोलावलं.

हिरामण कडावचे. कार्यालयाचा अभिलेख कक्ष त्यांच्या ताब्यात होता आणि सगळी नोकरी त्यांनी फाइली लाल रुमालांत बांधण्यात घालवली होती. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते. पेन्शनच्या कागदांना एकच दाखला लागायचा राहिला होता: यांच्या ताब्यातली एकही फाइल गहाळ नाही. तो मिळेल याबद्दल त्यांच्या मनात कधी शंकाच आली नव्हती, कारण खरोखरच एकही गहाळ नव्हती.

"रोकडे, फाइल गहाळ आहे," साहेब म्हणाले.

"कंची, साहेब?"

"ते यंत्राने सांगितलेलं नाही. ते तुम्ही शोधायचं."

"पर यंत्रातली फाइल माज्याकडं नोंदलीच नाय कदी."

"म्हणजे नोंदसुद्धा नाही!" साहेब खुर्चीत ताठ झाले. "नोंद नसलेली फाइल गहाळ होणं हे तर अधिकच गंभीर."

हिरामणांना कारणे दाखवा नोटीस मिळाली आणि दाखला अडकला. कक्षातले रुमाल सोडून पुन्हा बांधले गेले. त्यात पुरात वाहून गेल्याचं सांगितलेली एक फाइल सापडली. पण ती शोधायला सांगितलेली नसल्यामुळे पुन्हा हरवून ठेवण्यात आली.

शेवटी साजगावच्या एका कारखान्यात संगणक सांभाळणाऱ्या विशीतल्या इद्रिसला बोलावलं. त्याने उभ्याउभ्याच चार कळा दाबल्या आणि हसला.

"साहेब, सकाळी उठल्यावर काय करायचं, ते याला दोन फाइलींत लिहून दिलेलं असतं. एक कॉन्फिग डॉट सिस, दुसरी ऑटोएक्झेक डॉट बॅट. त्या कोणीतरी पुसल्यात."

नुकत्याच झालेल्या अभिलेख निर्मूलन सप्ताहात साहेबांनीच त्या पुसल्या होत्या. एका वर्षानंतर नष्ट करायच्या त्या 'ड' वर्गाच्या फाइली, आणि या दोन तर वर्षभरात कोणी मागितल्याच नव्हत्या. सप्ताहाचा अहवाल त्यामुळे फार उठून दिसला होता.

"मी नष्ट केल्या असत्या तर नष्ट केल्याची नोंद असती," साहेब शांतपणे म्हणाले. "नोंद नाही, अर्थात त्या गहाळ आहेत."

मग नावांवरून तपास सुरू झाला. 'ऑटो' म्हणजे रिक्षा, म्हणून परिवहन खात्याला पत्र गेलं. 'बॅट'साठी क्रीडा खात्याला गेलं. परिवहनने ती फाइल आपल्याकडे नसल्याचं कळवलं. क्रीडा खात्याने बॅट पाठवली आणि पोच मागितली.

इद्रिस वैतागला. "साहेब, कशाला एवढी उस्तवारी? मी आत्ता बसून दोन्ही नव्या लिहितो. दोन-चार ओळींचं काम आहे. चहा येईपर्यंत यंत्र चालू!"

"नव्या लिहितो?" साहेबांचा आवाज चढला. "गहाळ झालेली सरकारी फाइल तुम्ही बसल्या जागी नवी लिहिणार? याला कायद्यात बनावट दस्तऐवज म्हणतात. तुमचं वय बघून मी हे ऐकलं नाही असं समजतो."

इद्रिसने सायकल काढली. जाताना हिरामणांना म्हणाला, "काका, यंत्राला काही झालेलं नाही. तुम्ही तब्येत सांभाळा."

हिरामणांना जेवण गोड लागेना. इतकी वर्षं ज्याने कागदाचा कपटा इकडचा तिकडे होऊ दिला नाही, तो चोर ठरून घरी जाणार, हे त्यांना मरणाहून वाईट वाटत होतं. त्यांची बायको जिजा भाकरी थापता थापता सगळं ऐकत होती.

"त्यास्नी फाइलच पायजे ना?" ती म्हणाली. "मंग द्या की येक."

"अगं, खोटी कशी द्यायची?"

"खरी पुसली कुनी? तुमी?"

दुसऱ्या दिवशी हिरामणांनी जाड पुठ्ठ्याच्या दोन फाइली घेतल्या. वर ठळक अक्षरात नावं घातली: 'कॉन्फिग डॉट सिस' आणि 'ऑटोएक्झेक डॉट बॅट'. आत चहा आणि खुर्च्यांबद्दलची जुनी परिपत्रकं लावली. नाडी ओवून नेहमीसारखी गाठ मारली. नोकरीतला हा त्यांचा पहिला खोटेपणा, आणि तो प्रामाणिकपणाच्या दाखल्यासाठी.

साहेबांनी फाइली हातात घेऊन वजन केलं. "पानांना क्रमांक आहेत?"

"हायेत, साहेब."

"मग खऱ्या आहेत."

नोटीस मागे घेतली गेली. दोन्ही फाइली हार घालून संगणकावर ठेवण्यात आल्या. संगणक तरी तारीखच विचारत राहिला. पण तो आता देखभालीचा विषय झाला होता आणि त्याची फाइल वेगळी होती.

राहिला हिरामणांचा दाखला. त्या वर्षापासून प्रत्येक दाखला संगणकावरच काढायचा, असा आदेश होता. साहेबांनी क्षणभर विचार केला, खोपोलीहून 'संगणकीकृत' असा रबरी शिक्का करून आणवला, आणि हिरामणांचा दाखला शाईपेनाने लिहून त्यावर उठवला. हिरामण तो छातीशी धरून घरी गेले. पेन्शन सुरू झाली, कोणी काही विचारलं नाही.

ही सोय सगळ्यांनाच पसंत पडली. तेव्हापासून तालुक्यात दाखले तसेच निघतात. तुमचाही कपाटात असेल, काढून बघा. अक्षर हाताचं आहे, हे खिडकीपाशीच तुमच्या लक्षात आलं होतं. तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, "साहेब, शिक्का जरा फिका उठलाय, पुन्हा मारा."