आग्रहाचे वैरी दामूअण्णा

रेवदंड्यात जेवणावळ कोणाकडेही असो, लाडवांची परात आमच्या शेजारच्या दामूअण्णांच्या हातात. आणि एकदा ती त्यांच्या हातात गेली, की पंगतीने दुसऱ्या लाडवाची आशा सोडावी! अण्णा स्वतः आग्रह करत नसत आणि दुसरा कोणी करू लागला तर मध्ये हात घालत.

"पातेल्यात आहे तोवर अन्न, पानावर पडलं की उष्टं!" हे त्यांचं पालुपद. उष्टं गुरापुढे जातं, पातेल्यातलं माणसाला देता येतं, एवढं साधं त्यांचं म्हणणं. श्रावणात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद आणि कोळीवाड्यात चुली थंड. नेमक्या त्याच महिन्यात गावभर पूजा आणि जेवणं. उरलेलं सगळं अण्णा कोळीवाड्यात पोचवत. पंगतीत कोणी पानात टाकतोय असं दिसलं, की त्याच्यासमोर उकिडवे बसत. "सावकाश होऊ दे, मी आहे," म्हणत आणि पान स्वच्छ होईपर्यंत हलत नसत. एका मामलेदारालाही त्यांनी अळवाच्या फतफत्यासाठी असंच अडकवून ठेवलं होतं.

तीस-एकतीस सालची गोष्ट. लग्नानंतरचा माझा पहिलाच श्रावण, घरी सत्यनारायण, आणि पेणहून माझे सासरे आलेले. सासरे जुन्या वळणाचे पाहुणे. तीनदा "नको" म्हणायचं, पानावर हात आडवे धरायचे आणि चौथ्या खेपेला चार लाडू घ्यायचे, ही त्यांची रीत.

अण्णा परात घेऊन आले. "लाडू?"

सासरे हात आडवे धरून गोड हसले. "नको, नको."

"बरं," म्हणून अण्णा पुढे गेले.

सासरे तसेच हात धरून बसले. परात पंगतीच्या टोकाला गेली आणि तिथून थेट मागील दारी. आईने कपाळावर हात मारला. "अरे, व्याह्यांच्या पानात एक लाडू नाही!" सासरे रुसून पेणला गेले असते, तर माझी बायको वर्षभर माझ्याशी बोलली नसती.

सासरे हात धुऊन आले ते पायांत वहाणा घालूनच. "जावईबापू, माझा लाडू जातो कुठे, ते मला बघायचंय!"

आम्ही मागोमाग गेलो, तर कोळीवाड्यात होड्यांच्या आडोशाला पानं मांडली होती आणि आमचे अण्णा ओरडत होते, "घे गं आणखी एक! माझी शपथ आहे! नको काय म्हणतेस?" आग्रह? आणि अण्णा? माझा कानांवर विश्वास बसेना.

सगळ्यांचं झाल्यावर अण्णा शेवटच्या पानावर बसले. म्हातारी हिरूबाय भात घेऊन आली. अण्णांनी हात आडवा केला.

"खा रं अन्ना, न्हाय म्हनू नको. घरी तुला कोन वाढतंय?" तिने हात बाजूला सारून वाढलं.

अण्णा मान खाली घालून जेवू लागले. मला फार वाईट वाटलं. अण्णांची बायको, आमच्या काकू, जाऊन बारा वर्षं झाली होती. घरी ते पानही मांडत नसत, पातेल्यातच जेवत. मधे एक भिंत, तरी मी त्यांना कधी जेवायला या म्हटलं नव्हतं.

सासरे पुढे झाले. परातीत दोनच लाडू उरले होते. एक उचलून त्यांनी अण्णांच्या पानावर ठेवला.

"नको, नको," अण्णा म्हणाले.

सासऱ्यांनी दुसराही ठेवला.