हकीकत फुरशाच्या उताऱ्याची

॥ श्रीधन्वंतरी प्रसन्न ॥ पुढें लिहिलें तें कांहीं पाहिलें, कांहीं ऐकिलें, आणि सारें कागदाशीं ताडून घेतलें, ऐसें श्रोत्यांनीं जाणावें. शके एकोणीसशें एकतीस, विरोधीनाम संवत्सरीं, कार्तिकमासीं, गवतकापणीचे दिवसांत एका डोंगराळ गरीब राज्यांत अनर्थ जाहला. त्या राज्यीं सोनें नाहीं, बंदर नाहीं, फुरशीं मात्र उदंड. फुरसें म्हणजे हातभर साप, दगडाखालीं दबून बसतो आणि गवत कापणाराचे बोटास डसतो. त्यावर उपाय एकच, विषाचा उतारा, आणि तो परद्वीपीं होतो. तेथील कारखानदार सापाचें विष घोड्यांस थोडें थोडें टोंचितात, घोडे तें जिरवितात, मग घोड्यांचे रक्तांतून उतारा काढून कुपींत भरितात. दरबार त्या कुप्या दरसाल खरेदी करी. खरेदीचा शिरस्ता ऐसा कीं, कारखानदारांचे लखोटे भरदरबारीं फोडावे, ज्याचा भाव उणा त्याचा लखोटा दिवाणांनीं कपाळीं लावावा, आणि पुढील मजकूर वाचूं नये. भाव पटल्यावर वाचीत बसणें म्हणजे दरबाराचे शब्दास संशय, ऐसें वाडवडिलांचें मत.

औषधकोठीचे कोठावळे नागोपंत, सचोटीचे गृहस्थ. त्यांस कन्या एकच, म्हाळसाबाई. बाईंस वाचनाचें वेड, आणि पोथ्या सरल्या तर पुड्यांचे कागदही वाचीत. नागोपंत हंसून म्हणत, "म्हाळसे, एक दिवस जोंधळ्याचे दाण्यावर कांहीं लिहिलें आहे का, तें पाहशील." त्या कार्तिकांत कोठीमागील गवत काढितां नागोपंतांस फुरसें डसलें, आणि सुभानखान हकीम धांवत आले, आणि कोठींतील कुपी टोंचिली. नागोपंत लेकीस म्हणाले, "घाबरूं नको. अजून नऊ उरल्या आहेत. मींच हातानें रचून ठेविल्या." मग दुसरी टोंचिली, मग पांचवी, मग दहावी, आणि हिरड्यांचें रक्त थांबेना. तिसरे दिवशीं प्रातःकाळीं नागोपंत कैलासवासी जाहले. बाईंस दुःख किती जाहलें, तें या कागदांत मावणारें नव्हे.

तेरावा सारून म्हाळसाबाई कोठीच्या किल्ल्या परत करावयास दप्तरीं गेल्या, आणि जातांना त्या सालचा लखोटा पाहावयास मागितला. पहिले ओळींत भाव. दुसरींत कुप्यांचा आंकडा. तिसरींत लिहिलें होतें कीं, हा उतारा आमचे देशींच्या सापांचे विषावरून केला, अन्य देशींच्या सापांवर चालेल ऐसी हमी नाहीं. कारखानदारानें कांहीं लपविलें नव्हतें. वाचिलेंच कोणी नव्हतें. बाईंनीं किल्ल्या पदरास तशाच ठेविल्या आणि दरबार गांठिला.

तिसरी ओळ ऐकोन रायाजीपंत दिवाण हंसले. "अहो बाई, सापास देश कसला? साप तो साप."

"मग किल्ली ती किल्ली," बाई बोलिल्या, आणि कोठीची किल्ली दिवाणांपुढें ठेविली. "आपले शिक्क्याची पेटी हिनें उघडून दाखवावी."

महाराजांस कौतुक वाटलें. "उघडा, रायाजीपंत." दिवाणांनीं किल्ली फिरविली, झटकिली, घाम पुसोन पुन्हां फिरविली, आणि पेटी उघडेना. दरबारीं एकही मनुष्य हंसला नाहीं.

मग दुसरे कारखानदारास पत्र गेलें. जबाब आला कीं, तुमचे डोंगरींचें विष धाडा, उतारा करून देऊं, परंतु नवे घोडे बांधावे लागतील, सबब नऊ हजार कुप्यांखालीं काम परवडत नाहीं, आणि अर्धें द्रव्य आधीं. राज्यास गरज तीन हजारांची. दिवाण म्हणाले, "तिप्पट द्रव्य काय गवतासारखें कापून आणावें?" बाई म्हणाल्या, "पलीकडे दोन राज्यें आहेत. फुरसें सरहद्द पाहून डसत नाहीं." दिवाण म्हणाले, "त्यांशीं आमचें तीन पिढ्यांचें वैर आहे." बाई म्हणाल्या, "माझें नाहीं. मी जातें."

आणि बाई निघाल्या, बरोबर लखोटा आणि दहा रित्या कुप्या. पूर्वेकडील राणीसाहेब कडक. म्हणाल्या, "तुमचा कोठावळा गेला, त्याचें आम्हीं काय करावें?" बाईंनीं मुजरा करून पुसिलें, "आपले किती गेले, तेवढें सांगावें. मग उठतें." राणीसाहेब आसनावरून उठल्या. मग स्वतःची कोठी उघडविली, आणि आंत त्याच कुप्या, त्याच चिठ्ठीच्या. राणीसाहेबांनीं शिक्का आणविला. पश्चिमेकडील राजांनीं तो शिक्का पाहिला आणि आपण मागें राहूं नये म्हणोन तेही राजी जाहले. परंतु पहिला शिक्का कोणाचा, यावर तीन दरबार महिनाभर अडून बसले. अखेर बाईंनीं पत्राचे मधोमध मजकूर लिहिला, भोंवतीं वर्तुळ काढिलें, आणि म्हणाल्या, "आतां पहिला कोण, तें दाखवा." तिन्ही शिक्के त्या वर्तुळावर पडले. मग तीन खजिन्यांतून तिजाईनें द्रव्य निघालें, आणि तिन्ही राज्यांचे गारुड्यांनीं फुरशीं धरून विष काढिलें, आणि तें बर्फाचे पेटींत परद्वीपीं रवाना जाहलें.

विकृतिनाम संवत्सरीं, कार्तिक लागण्यास चार दिवस असतां, कुप्या आल्या. बाईंनीं प्रत्येक पेटीवरील चिठ्ठी अखेरपर्यंत वाचिली, मगच पेट्या कोठींत घेतल्या. आठवे दिवशीं पूर्वेकडील दुर्पदा नामें गवतवाली, सरहद्दीवर फुरसें डसलेली, डोलींतून आणिली. तिचे हिरड्यांतून रक्त येत होतें. हकिमांनीं कुप्या टोंचिल्या. सांजेस रक्त थांबलें, आणि दुर्पदा डोळे उघडून म्हणाली, "बाय, माझा भारा कुटं हाय? त्यो मेला भाऊ नेईल उचलून!" म्हाळसाबाई म्हणाल्या, "आहे. ठेविला आहे." मग त्या कोठीमागें गेल्या, आणि कांहीं वेळानें तोंड धुवून परत आल्या.

महाराजांनीं इनाम पुसिलें. बाई म्हणाल्या, "लखोटा भरदरबारीं सबंध वाचावा, आणि भाव सर्वांत शेवटीं." त्या दिवसापासून शिरस्ता तोच आहे. वाचितांना दिवाणांचा घसा कोरडा पडतो, म्हणोन शेजारीं पाण्याचा तांब्या ठेवितात.

एकूण तात्पर्य ऐसें. विकृति संवत्सराचे कार्तिकांत तिन्ही राज्यांत मिळोन एकशें बारा माणसांस फुरसें डसलें. एकशें नऊ वांचलीं. तिघें कोठीपर्यंत पोंचलीं नाहींत, सबब पुढील सालीं घाटापलीकडे दुसरी कोठी बांधावयाची आहे. नागोपंत आदले सालीं गेले, म्हणोन ते या गणतींत नाहींत.