टोमॅटोच्या शेतातला खानसामा

इब्राहिमभाई टोमॅटोला पाणी घालताना कमरेला पळी खोचून घेत. आमटी वाढायची, चांगली लांब दांड्याची.

आम्ही भाजी आणायला शेतावर गेलो होतो तेव्हा मी विचारलं, "हे काय?"

"नोकरी हाय माझी, बाय."

कुवेतच्या दक्षिणेला वफरा म्हणून शेतीचा भाग आहे. तिथे ते एका म्हाताऱ्या कुवेती मालकाकडे राबत. मालकाला शेतमजूर आणायची परवानगी हवी तेवढी मिळेना, आणि टोमॅटो काही परवानगीसाठी थांबत नाहीत. घरकामाचा व्हिसा मात्र लगेच मिळे. म्हणून त्यांच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, 'खानसामा' असं लिहिलेलं. तपासणीची गाडी दिसली की ते वाफ्यातून उठत आणि चुलीवरच्या पातेल्यात पळी ढवळत बसत. एकदा साहेबाने झाकण काढून विचारलं, "काय शिजतंय?"

"पाणी हाय, साहेब. अजून कच्चं हाय."

"कागद खोटं हाय, पर टोमॅटो खरं हायत ना?" हे इब्राहिमभाईंचं पालुपद.

मी दवाखान्यात नर्स, राहायला अब्बासियात. ते गुहागरचे, माझ्या माहेरच्या बाजूचे. शुक्रवारी भाजीच्या पिकअपमधून येत, चहा पीत आणि रोपांची खुशाली सांगत. घरच्यांची कधी सांगितली नाही. मीही विचारली नाही. मला चौकशा करायची सवय नाही.

त्यांना एकच हवं होतं. इकाम्यावर 'शेतमजूर' लागावं आणि त्याच शेतावर राहता यावं. मालक दर वर्षी "इन्शाअल्ला" म्हणे. मग मालक वारला. मुलगा कायद्याला भिणारा. त्याने शेत भाड्याने दिलं, कागद वाचले आणि म्हणाला, तू खानसामा ना? मग शहरात दस्मान भागातल्या माझ्या घरी येऊन स्वयंपाक कर, नाहीतर परतीचं तिकीट घे. घरकामाचा व्हिसा शेतीवर बदलून मिळत नव्हता.

इब्राहिमभाईंना साधा भात येत नव्हता. मी शिकवायला घेतला.

"ह्याला पाणी रोज घालायचं की एक दिवसाआड?"

"एकदाच."

"एकदाच? मग जगतं कसं?"

"जगवायचं नाहीये, इब्राहिमभाई. शिजवायचंय."

कसेबसे शिकले. त्या घरात कोणी तक्रार केली नाही, पण हे मात्र वाळत चालले. थंडी पडली तसे एका शुक्रवारी म्हणाले, "एकडाव वफऱ्याला नेता काय?" माझ्या नवऱ्याने गाडी काढली.

फाटकाला कुलूप होतं. तारेपलीकडे नवा माणूस, महाडकडचा, तिशीतला.

"इकाम्यावर काय हाय तुझ्या?"

"ड्रायव्हर."

"गाडी येते?"

"सायकल येते, चाचा."

माझा नवरा खो-खो हसला. इब्राहिमभाई हसले नाहीत. तारेतून बोट घालून सांगत राहिले. विहिरीचं पाणी खारं, ते सकाळीच सोड. थंडीत अंधार पडायच्या आत प्लास्टिक ओढ. त्या टोकाच्या रांगेला वारं झोंबतं, आधी तिला झाक. तो मान हलवत होता. मी घड्याळ बघत होते. दुपारची ड्यूटी होती.

गाडीपर्यंत आले आणि पुन्हा तारेपाशी गेले.

"आणि दिवस कलला की त्यांच्याशी जरा बोलत जा."

"कोणाशी, झाडांशी?" त्याला हसू आलं. "झाडांना काय कळतंय, चाचा?"

"झाडांना नाय लागत," इब्राहिमभाई म्हणाले. "तुला लागंल."