अकराची गोळी

बरोबर अकरा वाजता आमच्या पनवेलच्या कचेरीत दत्ता म्हात्रे तळहातावर एक गोळी घ्यायचा, दुसऱ्या हाताने मोबाईल लावायचा आणि एकच शब्द विचारायचा, "गिळली?" पलीकडून होकार आला की स्वतःची गोळी तोंडात. मग समोर साहेब उभे असोत, नाहीतर साहेबांचे साहेब.

म्हात्रेला फार थोड्यांना होणारं एक जन्मजात दुखणं. अन्नातलं जादा तांबं तुमच्याआमच्या शरीरातून निघून जातं. त्याच्या यकृतात आणि मेंदूत ते मुक्काम ठोकतं. ऐन तिशीत त्याचे हात थरथरू लागले, जीभ अडखळू लागली, तेव्हा कचेरीने निदान केलं: दारू! आणि हा माणूस दारू वाहणाऱ्या लग्नाच्या हळदीतसुद्धा लिंबू सरबत हुंगून पिणारा. निदान करणाऱ्यांत मीही होतो, अजून लाज वाटते.

पुढे खरं निदान झालं, औषधाने हात थांबला आणि बरं वाटतंय म्हणून पठ्ठ्याने गोळ्याच सोडल्या. वर्षभरात त्याच्या हातातली कपबशी पुन्हा वाजायला लागली. त्यानंतर मात्र तो बदलला. या दुखण्याच्या उपचारांची नियमावली मिळवून त्याने लॅमिनेट करून घेतली, आणि "कागदात हाय" हे त्याचं ब्रीदवाक्य झालं. करंजा बंदरावरचा, मासळीवर वाढलेला माणूस, पण कोलंबीचं ताट परत पाठवी. "तांबं आसतंय तिच्यात. कागदात हाय." साहेबांनी तब्येतीसाठी तांब्याचा जग आणला; आम्ही सगळे त्यातलं पाणी प्यायलो, म्हात्रेने आपली खुर्चीच हलवली.

एक नवे डॉक्टर म्हणाले, "ठणठणीत आहात, तपासण्या कशाला?"

"डॉक्टर, दुसरं पान. वरून तिसरी ओळ."

डॉक्टर आधी भडकले, मग त्यांनी वाचलं, मग झेरॉक्स मागितली. ती आता त्यांच्या टेबलाच्या काचेखाली आहे.

त्याच कागदात होतं की सख्ख्या भावंडांना काही त्रास नसला तरी तपासा. म्हात्रेने धाकट्या बहिणीला, मंदाला, करंज्याच्या मासळीच्या लिलावातून उठवून नेलं. भरल्या टोपल्या उचलणारी बाई, तिला काय धाड भरली होती? पण निघालं तेच. तेव्हापासून हा फोन. "तिला काय होत नाय ना, म्हनून ती सोडंल," तो म्हणायचा.

एकदा पुतण्याच्या हळदीत गाऊन गाऊन म्हात्रेचा घसा पार बसला. अकराला त्याने फोन माझ्या हातात कोंबला.

"गिळली?" मी विचारलं.

"कोन बोलतंय? दादा कुठं हाय?"

मी नाव सांगितलं, घशाचं सांगितलं. ती हसली.

"सावंतभाऊ, त्याला यातलं काय बोलू नका. मी सकाळी सहालाच घेते, लिलावाच्या आधी. अकराला निस्तं गिळली म्हनते. मी म्हनल्याबिगर त्यो घेनार नाय. येकडाव सोडली व्हती ना त्यानं."

समोर म्हात्रे तळहातावर गोळी धरून माझ्या तोंडाकडे बघत होता. हात जराही हलत नव्हता.

"गिळली म्हणतेय," मी सांगितलं.

त्याने गोळी तोंडात टाकली.