आपोआप उगवलेल्यांचा रकाना

जंगलाला जळायला कोणाची परवानगी लागत नाही. पुन्हा उगवायला मात्र लागते. आणि ते योग्यच आहे. उद्या जो तो मनाला येईल तसा उगवू लागला, तर कार्यालयाने करायचे काय?

वणव्यात टेकडीवरचे जंगल जळाले. जगात दुसरीकडे कुठेही न उरलेल्या एका जातीची झाडे तिथे होती. ती वाचवायला ताबडतोब समिती नेमली गेली. (सभासद अकरा. टेकडी पाहिलेले दोन. त्यातल्या एकाने गाडीच्या खिडकीतून.) समितीने ठरवले, की टेकडी साफ खरवडावी आणि रविवारी नागरिकांच्या हस्ते नवी रोपे लावावीत.

शनिवारी सकाळी वनरक्षक वर गेला, तर जळक्या बुंध्यांतून बोटबोटभर हिरवे कोंब आलेले. त्याने उकिडवे बसून मोजले. एकशे नव्वद. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. (धूर विरून तर दोन महिने झाले होते.)

तो तसाच साहेबांकडे धावला. "साहेब, आपली झाडं जिवंत आहेत! खरवडू नका."

"कोणी लावली?"

"कोणीच नाही. आपली आपणच आली."

साहेबांनी लागवडीचा तक्ता उलटसुलट पाहिला. "'लावलेली' असा रकाना आहे. 'आलेली' असा नाही. म्हणजे तण. उद्या आठच्या आत काढून टाका."

दुपारी त्याने घरी येऊन सगळे सांगितले. बायको म्हणाली, "अहो, त्यांना लावलेलीच हवीत ना? मग लावलेली दिसू द्या की! तोंड पाडून काय बसलात?"

दोघांनी रविवारसाठी आलेले नंबरांचे बिल्ले आणि काठ्या उचलल्या आणि दिवस मावळेपर्यंत प्रत्येक कोंबाला आळे करून शेजारी काठी रोवून तिला बिल्ला बांधला.

रविवारी साहेब खूश. रोपे आधीच लागल्यामुळे भाषणांना दोन तास जास्त मिळाले. तीनशे ऐंशी नागरिकांनी दोघांत एक कोंब वाटून घेऊन फोटो काढले.

वर्षाने मोजणी झाली. एकशे नव्वदपैकी एकशे नव्वद जिवंत. (शेजारच्या टेकडीवर हजार लावली होती, चौदा सापडली, त्यातल्या नऊ काठ्या होत्या.) समितीने वनरक्षकाला बोलावून यशाचे रहस्य विचारले.

"कोणी हात लावला नाही, साहेब."

अहवालात लिहिले गेले: 'नागरिकांच्या प्रेमळ हातांमुळे.'

त्या फोटोत तुम्हीही आहात. डावीकडून तिसरे, फावडे उलटे धरलेले. चारचौघांत तुम्ही 'माझं झाड' म्हणता, त्याला वनरक्षकाची मुळीच हरकत नाही. हात जोडून त्याची एकच विनंती आहे: झाडाला भेटायला येऊ नका. आजवर आला नाहीत, म्हणून तर ते एवढे वाढले.